युद्धातले हसरे फोटो मी काढून टाकणार नाही: एका वाचकाला उत्तर

नमस्कार.

युद्धकाळातल्या गमतीशीर फोटोंवरच्या माझ्या लेखावर तुम्ही फोंड्याहून लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जिथे लाखो माणसं मेली तिथले हसरे फोटो वेचून दाखवणं ही मेलेल्यांची थट्टा आहे. त्यातले बरेच फोटो सरकारी प्रचारासाठी घडवलेले असतात. गोव्याचा दुसऱ्या महायुद्धाशी संबंध नाही. आणि 19 डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या आठवड्यात हा लेख टाकणं तर फारच खटकलं, कारण तुमचे आजोबा पोर्तुगीजांच्या आग्वादच्या तुरुंगात होते. हे शेवटचं वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना.

आधी प्रचाराबद्दल, कारण तुमचा तो मुद्दा सर्वांत भक्कम आहे. लेखातला लंडनचा दूधवाला घ्या. 9 ऑक्टोबर 1940. सप्टेंबरच्या 7 तारखेपासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडत होते, सलग 57 रात्री ते चाललं. कोसळलेल्या घरांच्या ढिगाऱ्यावरून एक दूधवाला पांढरा कोट घालून, बाटल्यांची पेटी हातात धरून, जणू रोजचाच रतीब घालायला निघाला आहे. छायाचित्रकार फ्रेड मॉर्ली. हा फोटो घडवलेला होता. दूधवाल्याचा कोट आणि पेटी उसनी आणून माणूस उभा केला होता, असंच आज मानलं जातं.

पण आता तोच फोटो पुन्हा उघडा आणि दूधवाल्याला हाताने झाकून मागे बघा. तिथे अग्निशमन दलाचे लोक अजून पाणी मारताहेत. तो ढिगारा कुणी रचला नव्हता. पडझडीचे फोटो छापू द्यायला सेन्सॉर नाखूश असायचा, लोकांचा धीर सुटेल म्हणून. दूधवाला पुढे चालत होता म्हणून त्याच्या मागची उद्ध्वस्त गल्ली वर्तमानपत्रात पोचली. घडवलेल्या फोटोतही इतकं खरं सापडत असेल, तर तो फेकून देण्याऐवजी नीट वाचायला हवा, असं माझं मत आहे.

हसरे चेहरे सेन्सॉरच्या हातून सहज सुटतात आणि प्रेतं अडकतात, ही तुमची तक्रार रास्तच आहे. अमेरिकेने तर महायुद्धात उतरल्यावर दीड वर्षाहून अधिक काळ स्वतःच्या मेलेल्या सैनिकांचे फोटो छापू दिले नाहीत. जॉर्ज स्ट्रॉकने न्यू गिनीतल्या बुना किनाऱ्यावर टिपलेले तीन मृत सैनिक ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकात आले ते 20 सप्टेंबर 1943 च्या अंकात.

मात्र प्रत्येक हसू सरकारला हवं असतं असं तुम्ही गृहीत धरलंय, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या नाताळात ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले, सिगारेटी वाटल्या, एकत्र उभे राहून फोटो काढले. काढणारे सैनिकच, खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांनी. 8 जानेवारी 1915 ला असा एक फोटो ‘डेली मिरर’च्या पहिल्या पानावर आला. सेनापतींना ते मुळीच रुचलं नाही. खासगी कॅमेऱ्यांवरची बंदी कडक झाली, आणि पुढच्या नाताळात शत्रूशी मैत्री होऊ नये म्हणून आधीच सक्त हुकूम सुटले. ज्या माणसाबरोबर काल हसत फोटो काढला, त्याच्यावर उद्या गोळी झाडायला हात धजत नाही, हे त्या सेनापतींना चांगलं ठाऊक होतं. मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हे हुकमाबाहेरचे फोटो.

वोयटेक अस्वलाच्या फोटोवर तुम्ही ‘सर्कस’ असं लिहिलंत. ते पिल्लू 1942 मध्ये इराणात ज्या पोलिश सैनिकांना मिळालं, त्यांतले बरेचजण सोव्हिएत छावण्यांतून सुटून आले होते, घरदार गमावलेले. त्यांच्याबरोबर ते इटलीत मोंते कासिनोपर्यंत गेलं. युद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येकांना परतायला देशच उरला नाही, आणि अस्वल एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात 1963 पर्यंत जगलं. त्याला मिठी मारून हसणारा जवान मला त्या माहितीशिवाय बघताच येत नाही.

गोव्याचा संबंध नाही म्हणता? पोर्तुगाल तटस्थ होता, मान्य. पण मार्च 1943 मध्ये मुरगाव बंदरात जर्मन ‘एहरेनफेल्स’ जहाज जळालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जपान-अमेरिकेच्या अडकलेल्या नागरिकांची अदलाबदल इथेच झाली. ‘तेइया मारू’वरून उतरून ‘ग्रिप्सहोल्म’वर चढलेल्यांत ‘लाइफ’चा छायाचित्रकार कार्ल मायडन्सही होता. शिवाय आपले तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे गोंयकार. ब्रिटिश जहाजांवर ते किती होते हे तुम्हाला मी सांगायला नको.

वास्कोत आमच्या शेजारच्या घरात अशा एका तारवट्याचा फोटो आहे, त्याच युद्धातला. डेकवर तो व्हायोलिन वाजवतोय, भोवती चौघे टाळ्या देताहेत, एकाचे डोळे हसून मिटलेत. सगळ्यांच्या अंगात जाडजूड लाइफ जॅकेटं. छातीवरचा तो फुगीर भाग मध्ये येतो म्हणून व्हायोलिन हनुवटीखाली बसत नाहीये, त्याने मान वाकडी करून ते कसंबसं धरलंय. जॅकेट काढलं असतं तर नीट वाजवता आलं असतं. पण पाणबुडीचा टॉर्पेडो कधी लागेल याचा नेम नव्हता, म्हणून झोपतानाही ते अंगातच ठेवायचे, असं त्याच्या मुलीने मला सांगितलं. या फोटोत थट्टा कुणाची आहे, तुम्हीच सांगा.

राहता राहिला 19 डिसेंबर. 1961 च्या त्या दिवसांचे फोटो आठवा: जवानांभोवती गर्दी, हार, हसणारे चेहरे. गोवा मुक्त करणाऱ्या त्याच लष्करी कारवाईत अंजदीव बेटावर नौदलाचे 7 जण पडले होते. म्हणून पणजीतलं ते हसू आपण लपवतो का? आग्वादच्या भिंतीआड ज्यांनी वर्षं काढली त्यांचा त्या हसण्यावर पहिला हक्क होता, आणि म्हणूनच लेख याच आठवड्यात टाकला.

लेख आहे तसाच राहील. एक विनंती मात्र करते. आजोबांचा सुटकेनंतरचा किंवा मुक्तीच्या सुमाराचा एखादा फोटो घरात असेल तर पाठवाल का? ते त्यात हसत असोत वा नसोत. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बहुतेक वेळा तिथेच सापडते. तुमची परवानगी असेल तरच छापेन, आणि खालची ओळ तुम्ही द्याल तीच राहील.