मँचेस्टरच्या बाकावरचा ट्युरिंग

रविवारी धाकट्या भावाशी फोनवर वाद झाला. समलिंगी विवाहाचा विषय निघाला आणि तो म्हणाला, "दादा, ही तुमच्या तिकडची खुळं. आपल्याकडे असलं काही नव्हतं." 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम 377 च्या गुन्ह्यातून वगळले, 2023 मध्ये विवाहाचा हक्क नाकारला. दोन्ही वेळा आमच्या घरात हेच वाक्य ऐकलंय.

मी मँचेस्टरला राहतो. इथल्या सॅकव्हिल गार्डन्समध्ये ब्राँझचा अ‍ॅलन ट्युरिंग हातात सफरचंद घेऊन बाकावर बसलाय. पायाशी पाटी आहे: संगणकशास्त्राचा जनक, गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ, युद्धकाळात सांकेतिक संदेश फोडणारा, पूर्वग्रहाचा बळी.

'तर्कशास्त्रज्ञ'वर कुणी थांबत नाही, पण सुरुवात तिथूनच झाली. गणितातलं कुठलंही विधान सिद्ध होईल की नाही, हे ठरवणारी एकच यांत्रिक रीत असू शकते का? नाही, असं त्याने 1936 च्या निबंधात दाखवलं. त्यासाठी कागदावरच एक यंत्र रचलं. चौकोन पाडलेली न संपणारी फीत; एका वेळी एकच चौकोन वाचायचा, खूण लिहायची किंवा पुसायची, एक घर डावीकडे नाहीतर उजवीकडे सरकायचं. बस्स. असं एकच यंत्र बाकी सगळ्या यंत्रांची कामं करू शकतं, हेही त्याच निबंधात आहे. माझं पोट ज्या प्रोग्रॅमिंगवर चालतं, त्याचा हा पाया.

1952 मध्ये घरी चोरी झाली म्हणून तो आपणहून पोलिसांकडे गेला. चौकशीत पुरुषाशी असलेले संबंध उघड झाले आणि गुन्हेगार ठरला तोच. तुरुंग टाळायला त्याने कामेच्छा दाबणारे संप्रेरकांचे उपचार पत्करले. 7 जून 1954 ला सायनाइडने गेला. वय 41.

त्याला दोषी ठरवणारा कायदा 1885 चा. आपलं 377 हे 1860 च्या दंड संहितेतलं होतं, याच इंग्रज राज्यकर्त्यांनी लिहिलेलं. ट्युरिंगचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते, आईचा जन्मही तिथलाच. इथून आपल्याकडे आलं ते शिक्षेचं कलम. माणसं आपल्याकडे आधीपासून होती.

इथल्या सरकारने 2009 मध्ये माफी मागितली, 2021 मध्ये 50 पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आला. हे मला पुरेसं वाटत नाही. त्याची आई 1976 मध्येच गेली होती.

आमच्या भाचीने गेल्या वर्षी आपण समलिंगी असल्याचं घरी सांगितलं. तेव्हापासून ताई कुणाकडे जात-येत नाही. भावाला म्हटलं, माझ्याशी नंतर भांड, आधी ताईला भेटून ये.