पाच रुपयांच्या नाण्याचे दहा लाख? आधी डबा उघडू

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन गटांवर एकच मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: ‘घरात जुनी नाणी आहेत? वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं. १८८५चा एक रुपया दहा कोटींना विकला गेला. तांब्या-चांदीची नाणी तर नुसत्या धातूच्या भावात तुम्हाला श्रीमंत करतील. फोटो पाठवा, रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने खरेदी.’ तिसऱ्या गटावर तो टाकणारा माझा सख्खा मावसभाऊ होता, म्हणून हे लिहायला बसलो. पंचवीसेक वर्षं नाणी जमवतोय. लखपती झालेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वैष्णोदेवीपासून सुरू करू. श्राइन बोर्डाला २५ वर्षं झाली म्हणून २०१२ साली पाच आणि दहा रुपयांची ही नाणी निघाली. ती देव्हाऱ्यात ठेवायला नव्हे, बाजारात फिरायला काढलेली. आजही ती चलनात आहेत आणि त्यांची किंमत त्यांच्यावरच छापलेली आहे. ‘पण अमुक साइटवर दहा लाखांना लावलंय की!’ लावलंय, घेतलं कोणी? मागायला काय जातं? मीही माझी जुनी सायकल उद्या दहा लाखांना लावू शकतो. बघायची असते ती सौदा झालेली किंमत. लिलावात नाणं शेवटी कितीला सुटलं, तो आकडा खरा.

याच मेसेजचा एक धाकटा भाऊ आहे: ‘सालाखाली चौकट किंवा चांदणी असेल तर लाखो रुपये.’ ती टांकसाळीची खूण असते. साधारणपणे चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, आणि खूणच नसेल तर कोलकाता. म्हणजे खिशातल्या बहुतेक नाण्यांवर काही ना काही खूण असणारच. १९८५च्या रुपयावर बारीक एच दिसला तर तो बर्मिंगहॅमला पाडलेला. सरकारने तेव्हा बाहेरून नाणी पाडून आणली होती. गंमत म्हणून ठेवा, पण त्याच्यावर कर्ज काढू नका.

आता १८८५चा रुपया. हा राणीछाप, मुकुटातली व्हिक्टोरिया आणि ‘एम्प्रेस’ अशी अक्षरं. त्या काळी हे रुपये मुंबई आणि कलकत्ता अशा दोन टांकसाळींत पाडले जात, शेकड्यांनी नव्हे, लाखोंनी. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात अजून निम्म्या घरांत एखादा तरी निघतो. जी वस्तू निम्म्या घरांत आहे तिला दहा कोटी कोण देणार?

जुनं म्हणजे दुर्मिळ, ही मुळातली चूक आहे. शिवराईचंच बघा. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४च्या काळापासूनचं हे तांब्याचं नाणं पेशवाईत आणि त्याहीनंतर पडत राहिलं. त्यामुळे नंतरच्या काळातल्या झिजलेल्या शिवराया पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ढिगाने पडलेल्या असतात आणि किरकोळ पैशांत मिळतात. भोकाचा पैसाही तसाच. १९४३ ते १९४७ दरम्यान तो इतका पडला की लोकांनी वॉशर म्हणूनही वापरला. माझ्याकडे एक बरणीभर आहेत.

मग किंमत कशाला येते? १९११चा पंचम जॉर्जचा रुपया हे उत्तम उदाहरण. राजाच्या अंगावरच्या माळेत एक हत्ती कोरलेला होता. सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके, की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, सरकारने रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२मध्ये हत्ती नीट कोरून नवे काढले. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी जेमतेम सात लाख बाहेर पडले होते. भिंग लावून माळेतला तो प्राणी बघा. माझ्या मते सगळ्या संग्रहात एवढी मजा दुसऱ्या कशात नाही. आणि हाही साधारण अवस्थेत काही हजारांत मिळतो, कोटींत नव्हे. १९३९चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर फिरतात.

धातूच्या भावाचा मुद्दा मात्र अगदीच हवेतला नाही, त्यामुळे त्यावर जरा थांबू. ब्रिटिश काळातला रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. जुन्या रुपयात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध. त्या दिवशीच्या चांदीच्या भावाला एवढ्याने गुणा, तेवढी त्याची धातूची किंमत. १९४० ते १९४५च्या रुपयात मात्र चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम. महायुद्धात चांदी कमी पडली होती. आणि १९४७चा वाघाचा रुपया? त्यात चांदी शून्य, तो निकेलचा.

हे मावसभावाच्याच डब्यावर करून दाखवलं. पत्र्याचा बिस्किटांचा डबा, आत आजोबांनी फडक्यात बांधून ठेवलेले सात ‘चांदीचे’ रुपये. फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. खण्! एक चिकटला, दुसरा चिकटला, असे पाच चिकटले. निकेल चिकटतं, चांदी चिकटत नाही. उरलेल्या दोनांत एक १९४४चा, निम्म्या चांदीचा, आणि एक राणीछाप. वहिनी म्हणाली, ‘अहो भावोजी, म्हणजे आजोबांना फसवलं का कुणी?’ नाही हो, त्या काळी रुपया तोच होता! (नकली नाणंही चुंबकाला चिकटेलच असं नाही, तेव्हा चिकटलं नाही म्हणून लगेच पेढे वाटू नका. वजन करा.)

चांदीसाठी डबा धुंडाळायचाच असेल तर १९६९चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं शोधा. १५ ग्रॅमचं, त्यात ८० टक्के चांदी. कित्येक घरांत ते ‘असंच कुठलंतरी’ म्हणून पडून असतं. उलट १९६४चा नेहरूंचा रुपया, ज्यावर लोक लाखाच्या आशा लावून बसतात, तो निकेलचा आणि मुबलक.

तांब्याचं गणित तर आणखी गरीब. पंचम जॉर्जच्या वेळचा पाव आण्याचा पैसा पाच ग्रॅमलाही जरासा कमी. किलोत दोनशेच्या वर बसतात. तांबं किलोला हजार रुपये धरलं तरी एका पैशाचे पाचच रुपये होतात. तोच पैसा नाणी जमवणाऱ्या पोराला वीस-तीस रुपयांत आनंदाने देता येतो. मोडीत घालण्यात शहाणपण कुठलं? शिवाय २०११च्या नाणे कायद्यानुसार चलनातली नाणी वितळवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. शेत नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर तेही परस्पर विकता येत नाही; १८७८च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

राहिली ‘रिझर्व्ह बँकेची मान्यता’. ४ ऑगस्ट २०२१ला खुद्द रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलं, की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात नाही, त्यावर कसलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आमच्या वतीने ते मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. तरी फोटो पाठवला की पलीकडून मधाळ आवाजात फोन येतो. नाणं ‘मंजूर’ होतं, मग नोंदणीचे साडेसातशे, मग जीएसटी, मग विमा. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे अशा हप्त्यांनी अकरा हजार गेले. नाणं अजून त्यांच्याकडेच आहे, २५ पैशांचं. ते ३० जून २०११पासून चलनातसुद्धा नाही.

‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं, रामदरबाराचं किंवा हनुमानाचं ‘तांदूळ ओढणारं’ (म्हणजे तांदळाचे दाणे चुंबकासारखे खेचतं असं सांगितलं जाणारं) नाणं कुणी दाखवलं तर तिथून सरळ उठा. कंपनीने असलं नाणं काढलं नव्हतं, आणि तांबं तांदूळ ओढत नाही.

एक विनंती माझ्या भगिनीवर्गाला आणि पूजेच्या आधी हातात चिंच घेणाऱ्या पुरुषांनाही. खरोखर जुनं नाणं घासू नका. चिंच-मीठ लावून लख्ख केलेलं तांब्याचं नाणं संग्राहक ओळखतो आणि लगेच भाव पाडतो. तो काळपटपणाच त्याला हवा असतो.

मावसभावाने मेसेज अजून उडवलेला नाही, पण राणीछाप रुपया पुन्हा फडक्यात बांधून ठेवलाय. वैष्णोदेवीची तीन नाणी माझ्याकडेही होती. त्यातली दोन परवा रिक्षावाल्याला सुट्टे म्हणून दिली.