हिरवा लाइट लुकलुकतोय म्हणजे लाइन ओके? कोण म्हणालं ओ?

गेले आठ-दहा दिवस मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रूपवर "पीएलसी-ड्राइव्ह कम्युनिकेशनच्या ५ टिप्स, कंपनीवाले सांगणार नाहीत" असा मेसेज फिरतोय. (पीएलसी म्हणजे मशीनचा कंट्रोलर, ड्राइव्ह म्हणजे मोटरचा स्पीड सांभाळणारा डबा.) मी वाचून सोडून दिला होता. पण माझा भाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला मेंटेनन्स बघतो, त्यानं तो खरा धरला आणि टिप नंबर २ करून बसला. म्हणून लिहायला लागतंय.

टिप २ अशी: "सारखा कम्युनिकेशन फॉल्ट येत असेल तर ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये तो बंद करा, मशीन थांबणार नाही." पीएलसीचा हुकूम येणं थांबलं की ड्राइव्ह ट्रिप होतो, तो हा फॉल्ट. अरे बाबा, थांबणार नाही हाच तर घोळ आहे! ड्रायरच्या लाइनला पाच ड्राइव्ह, सगळे एका आरएस-४८५ वायरवर, मॉडबस नावाच्या भाषेत बोलणारे, आणि ह्या पठ्ठ्यानं पाचही ठिकाणी फॉल्ट बंद केला. दोन दिवसांनी डिलिव्हरी रोलच्या ड्राइव्हचं टर्मिनल ढिलं झालं. ऑपरेटरनं स्क्रीनवरनं स्पीड कमी केला, चौघांनी ऐकलं, पाचवा आपला मागच्याच स्पीडला, कारण त्याच्यापर्यंत नवा हुकूम पोचलाच नाही आणि जुना तो इमानदारीत पाळत बसला. कापड ताणून जोडाच्या शिलाईतनं फाटलं. स्क्रीनवरचं स्टॉप दाबलं तरी तोच प्रकार. लाल मशरूम बटणाची वायर सरळ ड्राइव्हला गेलेली म्हणून थांबलं, तेही कम्युनिकेशनवर असतं तर कुणाचा हात गेला असता. आणि गंमत बघा, मोटर उभी राहिली तरी स्क्रीनवर तिचा स्पीड तस्साच, कारण वाचन फेल झालं की पीएलसीच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेत, जुना आकडा तसाच राहतो, तो पुसायचं प्रोग्रॅममध्ये कुणी लिहिलंच नव्हतं.

"मामा, पण रोज चार वेळा ट्रिप व्हायचं, मालक ओरडायचे." मान्य. विनाकारण ट्रिप होणं हे खरं दुखणं आहे. पण ते वायरचं दुखणं आहे, ड्राइव्हचं तोंड दाबून बरं होत नाही.

टिप १, कम्युनिकेशनचा हिरवा लाइट लुकलुकतोय म्हणजे लाइन ओके. अर्धं खरं आहे, लाइट बंद असेल तर लाइन मेलेली असणार. पण लुकलुकतोय म्हणजे बिट येतायत एवढंच, त्यातली फ्रेम, म्हणजे अख्खा मेसेज, सडकी असली तरी लाइट लुकलुकतोच. सीआरसी (मेसेज तपासायचा आकडा) चुकला की ड्राइव्ह उत्तरच देत नाही, पीएलसी परत विचारतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जमतं, आणि आपल्याला वाटतं सगळं गोड चाललंय.

टिप ३, टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायचा वेळ, १० सेकंद ठेवा. ठेवा की! एक ड्राइव्ह मेला, ३ वेळा विचारायचं, म्हणजे ३० सेकंद बाकीचे चार लायनीत उभे. मॉडबस ऑर्गनायझेशनचं सिरीयल लाइनचं गाइड नेटवर फुकट आहे, त्यात ९६०० च्या स्पीडला (सेकंदाला ९६०० बिट) १ सेकंदापासून काही सेकंद असं लिहिलंय. टिप ४ मध्ये शील्ड (वायरवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना अर्थ करायला सांगितलंय, तेच गाइड म्हणतं एकाच टोकाला. दोन्ही टोकांना काय लागतं, तर टर्मिनेशनचा रेझिस्टर, सिग्नल टोकाला आपटून उलटा फिरू नये म्हणून. तो मेसेजवाल्यानं विसरूनच टाकलाय.

टिप ५, "हार्टबीट, एरर काउंटर हे सगळं पैसे काढायचे धंदे." कसले पैसे? त्याच गाइडमध्ये काउंटर दिलेत, किती मेसेज आले, किती सीआरसी चुकले, कितींना उत्तर गेलं नाही. सगळे ड्राइव्ह ते देत नाहीत, मग पीएलसीतच मोजा, प्रत्येक ड्राइव्हचे किती प्रश्न आणि किती फेल, लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, दोन-चार लायनी फक्त. दोन पीएलसी असतील तर एकानं दर सेकंदाला आकडा वाढवायचा, दुसऱ्यानं बघायचं, ३ सेकंद हलला नाही की अलार्म, हाच हार्टबीट. भाच्याकडनं हे काउंटर लावून घेतले तर पहिल्याच दिवशी दिसलं, मोठा ब्लोअर चालू झाला की फेलचा आकडा उडी मारतो. केबल ट्रे उघडून बघितला तर कम्युनिकेशनची वायर ब्लोअरच्या पॉवर केबलला टायनं आवळून बांधलेली, तिचा नॉइज सगळा हिच्यात.

ती वेगळी काढली. पाचही ड्राइव्हचा फॉल्ट परत चालू केलाय, २ सेकंद हुकूम आला नाही की ट्रिप.