सोलर कुकरात बायोचार? खुलासा करतोय

दोन दिवस ग्रुपवर फिरतंय की पेटीवाल्या सोलर कुकरात करवंट्या ठेवा, संध्याकाळपर्यंत बायोचार (मातीत मिसळायचा कोळसा) तयार. नाही होत हो. पेटीचा कुकर कडक उन्हात साधारण १०० ते १४० डिग्रीपर्यंत जातो, भात-डाळ शिजायला भरपूर झालं, पण लाकडाचा कोळसा व्हायला कमी हवेत ३५० च्या वर तापमान लागतं आणि पेटीत ते येणारच नाही. मी फोंड्याला गच्चीवर करून बघितलं, मे महिन्यातलं ऊन, दिवसभर ठेवली करवंटी, बाहेर काढली तर नुसती खडखडीत वाळलेली, तपकिरी, हाताला काळं पण लागलं नाही. खरा बायोचार लादीवर टाकला की काचेसारखा किणकिणतो आणि बोटं काळी करतो.

सूर्यावर होतच नाही असंही नाही म्हणत मी. मोठी पॅराबोलिक डिश किंवा फ्रेनेल लेन्स लावून उष्णता एका जागी आणली तर होतो, पण ती सारखी सूर्याकडे फिरवत बसावी लागते, आणि ती चमक डोळ्यांना घातक, पोरं आसपास असतील तर नकोच.

घरी करायचं तर झाकणाच्या डब्यात करवंट्या भरा, झाकणाला बारीक भोक ठेवा (घट्ट बंद केला तर डबा फुटेल) आणि उघड्यावर चुलीत ठेवा. भोकातून येणारा गॅस पेटतो, तो विझला की झालं, पण पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण काढू नका, नाहीतर आतली राखच मिळेल. आणि कोरडा बायोचार थेट माडाच्या आळ्यात नको, आधी कंपोस्टात मुरवा.