मागं मागं येणारी काकी

पेन-शाईनं शेतातली कामं चितारतो म्हटलं की लोकांना निब, दौत आणि निवांतपणा दिसतो. त्यांनी जुलैत बेळगावकडच्या खानापूरच्या पुढं जांबोटीच्या अंगाला, रोपलावणी चालू असताना बांधावर बसून दाखवावं.

नांगरणाऱ्याचं बरं असतं. नांगराची रेघ संपली की तो वळून परत येतो, त्याची वाट बघता येते. रोप लावणाऱ्या बायका मात्र वाकून मागं मागं सरकतात. लांब आहे म्हणून अंगठ्याएवढी काढलेली काकी, तिच्या लुगड्याच्या चुण्या काढून होईस्तोवर पार माझ्या गुडघ्याला टेकायला आलेली असते. पेन्सिल असती तर खोडून मोठी केली असती. वॉटरप्रूफ शाई म्हणजे काजळी आणि लाख. वाळली की पाण्याला दाद देत नाही, आणि वाळेपर्यंत एका थेंबानं पसरते. आता या पावसात ती वाळणार कधी?

व्हॅन गॉगनं १८८८ साली फ्रान्समधल्या आर्लला बोरूनं गव्हाची शेतं काढली. वर ऊन, खाली कोरडी जमीन! त्याला एकदा आमच्याकडं आषाढात आणायला हवं होतं.

त्यात गिऱ्हाइकाला कॅलेंडरसाठी इरलं पाहिजे. मलाही पाहिजे. बांबूच्या कामट्या, वर पानं. रेघांवर आडव्या रेघा मारत सुटायचं, इरलं आपोआप उभं राहतं. पण बांधावरून दिसतात त्या प्लास्टिकच्या आणि युरियाच्या पोत्याच्या खोळी. काळ्या शाईत प्लास्टिक चमकवायचं तर कागद कोरा सोडावा लागतो, आणि कोरा सोडला की गिऱ्हाईक म्हणतं, अर्धवट राहिलंय. पोत्यावरचं '४५ किलो' मात्र झकास उतरतं. ते त्याला नको.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कागदाभोवती जमल्या. तोंड एकीचंही नाही, नुसत्या वाकलेल्या पाठी. तरी पटापट ओळख पटली. "ही तू गं, ढेंगा टाकून उभारलीयास!" मग भांडण, की काकीच तेवढी बारकी का.

"लांब होता ओ तुम्ही," मी म्हणालो.

"लांब कुठं? तुमच्या अंगावर पडायची राहिले की! आणि सकाळपासनं बसूनच आहासा. उठा, रोपाच्या मुठी तरी फेका."

फेकल्या. पहिलीच काकीच्या पाठीत बसली.

"चित्रात लांब," काकी म्हणाली, "आणि मुठीला बरी जवळ घावले!"