सातूची कणसं आणि वल्हांडणाची तारीख

फेब्रुवारी संपत आला की मराठी ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: बायबलचं वर्ष फक्त इस्राएलात सातू पिकलेला डोळ्यांनी पाहूनच सुरू होतं. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासात यहुद्यांनी ही रीत टाकून परक्यांचं पंचांग उचललं, म्हणून वल्हांडण (मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण), पन्नासावा दिवस, मंडपांचा सण हे सगळे आज चुकीच्या महिन्यात पडतात. गणिताने सण ठरवणं पाप आहे, आणि चुकीच्या दिवशी केलेली उपासना देवाला पोचत नाही.

आमच्या मंडळीतल्या एका आजींनी हे वाचून मला विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्याच दिवशी उपास केला का रे?" त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवात मजकुरात जे खरं आहे तिथून करतो. 'अबीब' हे आधी पिकाच्या अवस्थेचं नाव आहे, मग महिन्याचं. निर्गम ९:३१-३२ पाहा. मिसरात गारा पडल्या तेव्हा जवस आणि सातू गेले, कारण सातू अबीब होता आणि जवसाला बोंडं आली होती. गहू मागास असल्याने वाचला. लेवीय २:१४ मध्ये प्रथमउपज म्हणून अबीब कणसं विस्तवावर भाजून आणायला सांगितलं आहे. ज्याने थंडीत शेतावर बसून हुरडा खाल्ला आहे किंवा गव्हाच्या ओंब्या भाजल्या आहेत, त्याला ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. दाणा भरलेला आहे पण हिरवट आहे, अजून कडक झालेला नाही. वल्हांडणाच्या सणात पहिली पेंढी याजकाकडे न्यायची असे (लेवीय २३), म्हणजे तोवर कापण्याजोगं पीक शेतात हवंच. बायबलचे सण मातीतले आहेत, यात शंका नाही.

पण "सातू दिसला की वर्ष सुरू करा" अशी आज्ञा तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, कुठेही नाही. आहे ती "अबीब महिना पाळ" एवढीच (अनुवाद १६:१). पेंढी हवी म्हणून सातू तयार हवा, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. मला तो पटतो, पण तो निष्कर्षच आहे. 'फक्त' हा शब्द मजकूर लिहिणाऱ्याने पदरचा घातला. नेमलेल्या समयांसाठी सूर्य आणि चंद्र दिले, हे उत्पत्ती १:१४ आणि स्तोत्र १०४:१९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

सूर्य, चंद्र आणि सातू हे तिन्ही एकत्र का लागतात, हे मराठी माणसाला चटकन कळावं. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ कमी. मध्ये महिना वाढवला नाही तर रमजानसारखा सण सगळ्या ऋतूंतून फिरत राहतो. आपण अधिक महिना धरतो, यहुदी अदार महिना दोनदा धरतात. म्हणूनच २०२३ साली वल्हांडणाचा पहिला दिवस आणि हनुमान जयंती दोन्ही ६ एप्रिलला आले, आणि २०२४ साली दोन्ही २३ एप्रिलला. दोन्हीकडे तारीख चंद्र देतो. प्रश्न एवढाच की महिना कधी वाढवायचा, आणि सातूची साक्ष लागायची ती तिथे.

आता बाबेलचा आरोप. बंदिवासानंतर सातू पाहणं सोडलं, हे साफ खोटं आहे. तालमुद हा यहुदी शास्त्र्यांच्या चर्चांचा जुना ग्रंथ. त्याच्या सन्हेद्रीन भागात (११ब) नियम नोंदवला आहे: वर्षात महिना वाढवायचा तो तीन गोष्टी पाहून. सातूची अबीब अवस्था, झाडांची फळं आणि सूर्याची गती. तिन्हींपैकी दोन कारणं असतील तर वाढवायचा, एकट्या कारणावर नाही. म्हणजे सातू साक्षीदार होता, पण एकटा नव्हता. पीकही एका शेतातलं नव्हे, तर यहूदिया, यार्देनपलीकडचा मुलूख आणि गालील या तिन्ही प्रदेशांतलं पाहत. तिथेच यहुद्यांचे धर्मपुढारी रब्बान गमलियेल यांचं बाबेलच्या यहुद्यांना लिहिलेलं पत्र आहे: पारव्यांची पिल्लं अजून कोवळी आहेत, कोकरं लहान आहेत, अबीबची वेळ आलेली नाही, म्हणून मी आणि माझ्या सोबत्यांनी या वर्षात तीस दिवस वाढवले. रस्ते आणि पूल खराब असतील, वल्हांडणाच्या भट्ट्या दुरुस्त व्हायच्या असतील, दूरदेशीचे यात्रेकरू वाटेत असतील, तरीही महिना वाढवता येई. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. पावसाने खचलेल्या वाटेवरून कोणीतरी कुटुंबकबिला घेऊन यरुशलेमकडे निघालं आहे, याचा विचार वर्ष ठरवताना व्हायचा.

महिन्यांची नावं बाबेलची आहेत, हे खरं. अबीब महिन्याचं आजचं नाव नीसान, ते तिथूनच आलं. पण नहेम्या आणि एस्तेर या पुस्तकांत तीच नावं बिनदिक्कत येतात. आणि शलमोनाच्या मंदिराच्या वर्णनात येणारा 'बूल' महिना फिनिकी शिलालेखातही सापडतो. शेजाऱ्यांशी नावं सामायिक असणं बंदिवासाच्या आधीपासूनचं आहे.

मग "इस्राएलात सातू पिकला की झालं" हे वाक्य. कुठला सातू? यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली आहे, यरुशलेम सुमारे ७५० मीटर वर. खालच्या उष्ण खोऱ्यात पीक डोंगरापेक्षा काही आठवडे आधी तयार होतं. मिश्नात, म्हणजे तालमुदाच्या मूळ नियमसंग्रहात, नोंद आहे की यरीहोचे लोक पेंढीच्या अर्पणाआधीच कापणी करत आणि शास्त्री त्यांना अडवत नसत. पेंढी शक्यतो यरुशलेमजवळच्या शेतातली घ्यायची, तिथे तयार नसेल तरच लांबची. सातव्या वर्षी तर पेरणीच बंद असे, तेव्हा आपोआप उगवलेल्या सातूवर मंदिराच्या पैशांतून राखणदार नेमत. रस्त्याच्या कडेच्या रानसातूचा फोटो काढून वर्ष जाहीर करणाऱ्यांनी ही काळजी पाहावी. प्रदेश नेमलेले होते, निर्णय घेणारी सभा होती, आणि तिचा शब्द सगळ्यांना लागू होता. आज ती सभा नाही, म्हणून सातू पाहणाऱ्या गटांचेही एकमेकांशी जुळत नाही.

गणिताविषयी थोडक्यात. दावीद योनाथानाला म्हणतो, "उद्या चंद्रदर्शन आहे" (१ शमुवेल २०:५). म्हणजे आदल्या दिवशीच त्याला ठाऊक होतं. पुढे लोक देशोदेशी पांगले, साक्षीदार आणि पत्रं पोचणं कठीण झालं, तेव्हा १९ वर्षांत ७ अधिक महिने ही ठरीव पद्धत आली. परंपरा तिचं श्रेय चौथ्या शतकातला यहुदी पुढारी दुसरा हिल्लेल याला देते, पण ९२१-२२ मध्येही बाबेलकडचे सादिया गाओन आणि इस्राएलातले बेन मेईर या दोन यहुदी पंडितांत नियमांवरून मोठा वाद झाला, म्हणजे ती एका दिवसात उतरलेली नाही. तिच्यात चूकही आहे. तिचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे साडेसहा मिनिटांनी मोठं असल्याने साधारण दोन शतकांत एक दिवस सण पुढे सरकतो. २०२४ साली विषुवदिनानंतरची पहिली पौर्णिमा २५ मार्चला होती, तरी वल्हांडण एप्रिलच्या पौर्णिमेला पडला. इथे टीका रास्त आहे. पण ही मिनिटांची साठत गेलेली चूक आहे, धर्मद्रोह नव्हे.

राहिला आजींचा प्रश्न. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी शतकानुशतकं यरुशलेमपासून तुटून भाताच्या मुलखात राहिले. वल्हांडणाला ते 'अणशी ढाकाचा सण' म्हणत, कारण त्या दिवसांत आंबवणाचं अणस, म्हणजे मडकं, झाकून ठेवायचं. हिब्रू नाव विसरलं, मडकं झाकायचं विसरलं नाही.

आणि खुद्द शास्त्रात काय आहे? प्रवासात असलेल्याला किंवा अशुद्ध झालेल्याला एक महिन्याने, दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण करायची मुभा गणना ९ मध्ये आहे. यहूदाचा राजा हिज्किया याच्या काळात तर पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते, लोक जमले नव्हते, म्हणून यरुशलेमेतल्या सगळ्या मंडळीने तो दुसऱ्या महिन्यात केला. अनेकांनी लिहिल्याप्रमाणे शुद्ध न होताच खाल्लं. राजाने त्यांच्यासाठी प्रार्थना केली. २ इतिहास ३०:२० म्हणतं की परमेश्वराने हिज्कियाचं ऐकलं आणि लोकांना बरं केलं. आजी, तो अध्याय एकदा सगळा वाचा. मोठ्या अक्षरांची प्रत लागली तर मी आणून देतो.