आटपाडीच्या गुरुजींना: वाफा उंच का केला

नमस्कार गुरुजी,

अंगणात विटांची चौकट रचून केलेल्या उंच वाफ्यावर, म्हणजे गादीवाफ्यावर, मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचायला घेतली आणि चहा गार झाला. "गादीवाफा आमचे आजोबाही करायचे, त्यांना विटांची चौकट लागली नाही. चार जुड्या मेथीसाठी २,५०० रुपये घालवायचे, ही शहरी हौस. आणि उंच वाफा उन्हाळ्यात करपतो, ते लिहायला विसरलात," असं तुम्ही म्हणता. शेवटचं आधी घेतो, कारण तिथं तुमचं बरोबर आहे.

तुमच्याकडची जमीन हलकी, मुरमाड. ओतलेलं पाणी बघता बघता खाली जातं. तिथं वाफा उचलून घेणं म्हणजे होती नव्हती ती ओल वाऱ्यावर सोडणं. तिथं सपाट वाफा, नाहीतर रोपाभोवती खोलगट आळं, हेच खरं. "घरी भाजी लावायची तर वाफा उंचच हवा" असं मी सरसकट ठोकून दिलं होतं. ते वाक्य काढलंय.

पण माझं अंगण सांगलीतल्या विश्रामबागेत. घर बांधताना पायातून निघालेली काळी माती मागंच पसरलेली, त्यावर वर्षभर गवंडी आणि ट्रॅक्टर नाचलेले. वाफा करायच्या आधी जुलैत एक फूटभर खड्डा काढला आणि रात्री त्यात बादलीभर पाणी ओतलं. सकाळी पाणी जवळपास तेवढंच, वर एक मुंगळा तरंगत होता. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, पाण्याला वाट राहत नाही आणि मुळं गुदमरतात. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मिरचीच्या १२ रोपांनी अशीच मान टाकली होती. उपटून बघितली तर मुळं काळी, बोटाला बुळबुळीत. आजोबांच्या रानाला उतार असणार, चर काढून पाणी ओढ्याला लावता येत असणार. माझ्या अंगणाला तीन बाजूंनी कंपाउंड आणि चौथ्या बाजूला स्वयंपाकघराची भिंत. पाणी जाणार कुठं?

आता चौकट. नुसता मातीचा वाफा केला असता तर दोन्हीकडं उतरती कड ठेवण्यात निम्मी जागा गेली असती, आणि आमचा एक पाऊस ती कड मोरीत नेऊन घालतो. म्हणून ४ फूट रुंद, ८ फूट लांब, फूटभर उंच. रुंदी ४ फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, आत पाय टाकावा लागत नाही. भोवताल २४ फूट. नऊ इंची वीट धरली तर थराला ३२ आणि तीन इंचाचे चार थर, झाल्या १२८. त्या कंपाउंडच्या उरलेल्याच होत्या. पैसे खाल्ले पोयट्यानं, म्हणजे वाफ्यात भरायच्या गाळाच्या मातीनं, आणि टेम्पोनं. लागणार ३२ घनफूट, म्हणजे ब्रासचा (१०० घनफुटांचा) तिसरा हिस्सा, पण तेवढ्यासाठी टेम्पो कोण काढतो? अर्धा ब्रास घ्यावा लागला. तुमचा आकडाही कमीच आहे, २,७०० गेले. मंडईतल्या जुडीशी हिशेब घातला तर मी बुडालोय, कबूल.

तुमच्या नजरेतून दोन चुका सुटल्या, त्या मीच सांगतो. सिमेंट न लावता विटा नुसत्या एकावर एक रचल्या होत्या. ऑगस्टात माती भिजून जड झाली आणि लांबीकडची बाजू पोट सुटल्यासारखी बाहेर आली. एका रात्रीत दोन थर खाली. आता बाहेरून दर दोन फुटांवर सळईचा तुकडा ठोकलाय, तेव्हापासून हललेली नाही.

दुसरी चूक शेणखताची. ओळखीच्या गोठ्यातून आणलेलं, वरून काळंभोर दिसत होतं, आत अर्धकच्चं. महिन्याभरात वांग्याची रोपं एकेक करून सुकायला लागली. खुरप्यानं उकरलं तर मुळाशी हुमणी, मुळं खाणारी अळी: पांढरी, जाडजूड, कोयरीसारखी वळलेली, तपकिरी डोक्याची. ऊसवाल्यांना हिची ओळख करून द्यायला नको. ३२ घनफुटांत हातानं वेचून ४० काढल्या, आणि त्या संपेपर्यंत अंगणातल्या साळुंक्या माझ्या मागंपुढं. आता खत पूर्ण कुजून भुसभुशीत झालेलं, शेणाचा वास गेलेलं असेल तरच घेतो.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मार्चनंतर वर चार बोटं उसाचं पाचट अंथरतो आणि सकाळी लवकर पाणी देतो. तरीही मे महिन्यात कोथिंबीर जगवलेली नाही, खोटं कशाला बोलू. त्या दिवसांत वाफ्यात फक्त गवार असते.

एक विचारायचं होतं. बहिणीचं सासर तुमच्याच तालुक्यात, दिघंचीला. तिला परसात भाजी करायची आहे, आणि तिथं माझा वाफा चालणार नाही हे तुमच्यामुळं वेळेत कळलं. आजोबा सपाट वाफ्याचे बांध किती बोटं उंच ठेवायचे, आणि एका पाण्यावर मेथी किती दिवस काढायची, तेवढं कळवा.